सोडत सरळ, हिशेब तिरका

महाराष्ट्र राज्य लॉटरी 12 एप्रिल 1969 रोजी सुरू झाली. मटक्याकडे जाणारा पैसा सरकारी, खात्रीच्या सोडतीकडे वळावा, हा तिचा जाहीर हेतू होता. आता तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जात आहे. केरळची लॉटरी वर्षाला बारा हजार कोटींच्या आसपास तिकिटं विकते आणि आपली रडतखडत चालते. लॉटरीचा अभ्यास करण्यासाठी शासनाने 2025 मध्ये आमदार सुधीर मुनगंटीवार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. लॉटरीतून महसूल वाढवता येईल का, हा तिच्यापुढचा मुख्य प्रश्न.

प्रश्न मुंबईत निघाला असला तरी तो वाशिमसारख्या जिल्ह्यात तपासून पाहायला हवा, कारण तिकीट घेणारा हात इथला असणार आहे. म्हणून हा वाद वाशिमच्या दोघांच्या तोंडी घातला आहे. काका कोषागारातून निवृत्त झालेले, राज्य लॉटरीचे पाठीराखे. पुतणी मानोरा आणि रिसोड तालुक्यांत महिला बचत गटांचं काम करते आणि तिचा लॉटरीला विरोध आहे. दोघंही कल्पित आहेत. कायदे आणि आकडे खरे आहेत. जिथे ‘समजा’ किंवा ‘धरू’ म्हटलं आहे, तिथला हिशेब उदाहरणापुरता.

शंभराची नोट कुठे जाते

काका: आधी एक कबूल कर. घरपट्टी थकवली की नोटीस येते. तिकीट नाही घेतलं तर कुणी दारात येत नाही. कुणावर न लादता तिजोरीत येणारा पैसा आहे हा.

पुतणी: कबूल. पण आपण कर भरतोय हे घेणाऱ्याला कळतं का? तिकिटावर किंमत ठळक, पहिलं बक्षीस त्याहून ठळक. सरकारचे किती, बक्षिसांचे किती, हे कुठेच नाही. तुमचा जन्म बिलं तपासण्यात गेला, तुम्हीच सांगा.

काका: सांगतो. समजा, एका बंपर सोडतीची 12 लाख तिकिटं निघाली, प्रत्येकी शंभर रुपयांची. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 11,97,160 होती. म्हणजे कारंज्यापासून रिसोडपर्यंत, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या हातात एक तिकीट आलं. पहिलं बक्षीस त्यातल्या एकालाच.

पुतणी: म्हणजे माझ्या तिकिटाला पहिलं बक्षीस लागायची शक्यता किती, तर अख्ख्या जिल्ह्यातून डोळे मिटून एक माणूस उचलायचा आणि तो मीच निघायचा, एवढी.

काका: तेवढीच. आता पैसा बघ. जमा झाले 12 कोटी. 22 सप्टेंबर 2025 पासून लॉटरीवर 40 टक्के जीएसटी आहे. तो तिकिटाच्या किमतीतच धरतात, म्हणजे 140 मधले 40. शंभरातले साधारण 28 रुपये 57 पैसे तिथेच गेले. बारा कोटींवर हे होतात जवळपास 3 कोटी 43 लाख, अर्धे केंद्राचे, अर्धे राज्याचे. बक्षिसांना निम्मी रक्कम धरू, 6 कोटी. विक्रेत्याचं आणि वितरकाचं कमिशन, छपाई, जाहिरात मिळून 15 टक्के धरू, 1 कोटी 80 लाख. राज्याकडे नफा म्हणून उरले 77 लाख. त्यात जीएसटीतला वाटा मिळवला की राज्याचे झाले अडीच कोटी.

पुतणी: म्हणजे बारा कोटी निघाले आणि निम्मे मोजक्यांच्या हाती परत आले. राज्याला अडीच कोटी, केंद्राला पावणेदोन, आणि ते गोळा करायला खर्च 1 कोटी 80 लाख. तिजोरीत पडणाऱ्या रुपयामागे चाळीस पैशांच्या वर खर्च. असा कर तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही काय केलं असतं?

काका: आक्षेप काढला असता, खोटं कशाला बोलू? पण ज्याला तू खर्च म्हणतेस, त्यात विक्रेत्यांची पोटं आहेत. टपरीएवढ्या जागेत तिकिटांच्या माळा लावून घर चालवणारे लोक आहेत ते.

पुतणी: आणि जिंकणाऱ्याचं काय? त्याला तरी सगळं मिळतं का?

काका: नाही. दहा हजारांवरच्या बक्षिसातून 30 टक्के प्राप्तिकर आधीच कापतात. उपकर धरून 31.2 टक्के होतो. दहा लाख लागले तर 3 लाख 12 हजार कर. त्याचं बाकी उत्पन्न शून्य असलं तरी सूट नाही आणि आधीच्या वीस वर्षांत हरलेल्या तिकिटांची वजावटही नाही.

चिठ्ठीवर विश्वास

काका: तरीही व्यवस्थेवर शंका घेऊ नकोस. लॉटरी विनियमन कायदा 1998 चा आहे. तिकीट शासनानेच छापायचं, त्यावर शासनाचं बोधचिन्ह हवं. सोडत शासनानेच, आपल्याच राज्यात काढायची. विक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात जमा व्हायचा. नुसत्या एका अंकावर बक्षीस ठेवायचं नाही. कुणी मागायला आलं नाही तर ते बक्षीस शासनाचं, वितरकाचं नव्हे. एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत, वर्षात बंपर सोडती सहाच. कागदी तिकिटाच्या सोडतीत यंत्राची चाकं पंचांसमोर फिरतात, एकेक आकडा थांबतो, मालिका आणि क्रमांक नोंदला जातो. आपल्या दिवाणखान्यात बसून कुणी आकडा ठरवत नाही.

पुतणी: सोडतीच्या सचोटीबद्दल माझं भांडण नाही. उलट चिठ्ठी मला आवडते. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत बघा. पारदर्शक बरणी, घडी घातलेल्या चिठ्ठ्या, आणि शाळेतल्या एखाद्या लहान पोराला पुढे करून त्याच्या हातून चिठ्ठी काढायची. सगळे पुढारी माना उंचावून बघत असतात, कुणाचं काही चालत नाही. आरटीईच्या 25 टक्के जागांचे प्रवेशही सोडतीनेच. तिथे जागा थोड्या, हक्कदार पुष्कळ, म्हणून चिठ्ठी. पण चिठ्ठीत नाव टाकायला कुणी पैसे मोजत नाही. लॉटरीत तीच चिठ्ठी वाटणीसाठी नसते, वसुलीसाठी असते.

काका: वाटणीची चिठ्ठी तरी लोकांना कुठे रुचली? महाडीबीटीवर रोटाव्हेटर, पेरणी यंत्रासाठी अर्ज करायचा आणि सोडतीची वाट बघायची. कास्तकार कंटाळले. 2025 पासून ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ आलं. आता ज्याच्या घरात चांगलं नेट, तो पुढे. तांड्यावरचा माणूस सेतू केंद्रात पोचेपर्यंत रांग लांबलेली. तुझी चिठ्ठीच बरी होती.

पुतणी: बघा, तुम्हीच माझी बाजू मांडली. चिठ्ठी गरिबाला मदत करते ती त्याच्याकडून काही घेत नाही तेव्हा.

दगडापेक्षा वीट मऊ?

काका: मग मटक्याचं काय करतेस? आपल्या कापसाच्या वऱ्हाडाला तर हे ठाऊक हवं. आकड्याचा जुगार कापसाच्याच भावावर सुरू झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे दर तारेनं मुंबईत यायचे, त्यावर लोक पैसे लावायचे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथून आले. ते दर यायचे थांबल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढणं सुरू झालं, पुढे पत्ते आले. 1962 मध्ये कल्याणजी भगत, 1964 मध्ये रतन खत्री. साठ वर्षं झाली, खत्री 2020 मध्ये वारला, धंदा वारला का? ‘वरली मटक्यावर धाड’ ही बातमी आपल्याकडे आजही छापून येते. 1887 चा जुगारबंदीचा कायदा आहे, आकड्यांची पट्टी लिहिणाऱ्याला पकडतात, दुसऱ्या दिवशी दुसरा बसतो. मी एवढंच म्हणतो, दगडापेक्षा वीट मऊ.

पुतणी: वीट मऊ आहे का, तेही मोजू. मटक्यात एका अंकाला साधारण एकाला नऊ मिळतात, जोडीला एकाला नव्वद. अंक दहा, जोड्या शंभर. म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरीने नव्वद परत. आणि तुमच्या हिशेबात लॉटरीतून पन्नास परत. सरकारी वीट दगडापेक्षा जड निघाली, काका.

काका: थांब, अर्धाच हिशेब केलास. मटका रोजचा. शंभर लावले, सरासरीने नव्वद उरले. ते उद्या पुन्हा लावले, एक्याऐंशी उरले. असं सात दिवस फिरवलं तर शंभराचे अठ्ठेचाळीसच्या आसपास राहतात. आठवड्याला एक तिकीट घेणारा आणि रोज पट्टी लावणारा शेवटी एकाच जागी येतात. फरक इतकाच की लॉटरीवाला शंभरावर थांबतो. मटक्यात उधारी असते, हरलेलं भरून काढायला दुप्पट लावणं असतं, आणि बुकी पळाला तर दाद कुणाकडे मागणार? म्हणून तर कायद्यानं आठवड्याला एकच सोडत ठेवली. धोका बक्षिसाच्या आकड्यात नसतो, तो किती वेळा खेळता त्यात असतो.

पुतणी: हे मला पटलं. पण मग ती अट पाळली कशी जाते तेही बघा. आठवड्यात एका लॉटरीची एक सोडत. म्हणून सोमवारची लॉटरी एका नावाची, मंगळवारची दुसऱ्या, बुधवारची तिसऱ्या. केरळमध्ये आठवड्याचा प्रत्येक वार एकेका लॉटरीचा आहे. कायद्याला बोटही न लावता रोजचा खेळ झाला. तुम्ही ज्याला मटक्याचा धोका म्हणालात, तोच.

काका: विक्री वाढवायची म्हटलं की ते होणारच.

पुतणी: तेच म्हणते मी. 1969 चा हेतू होता लोकांचं जुगारावरचं लक्ष कमी करायचं. त्या हेतूनं चालवलेली लॉटरी लहान राहिली तरी यशस्वी. आता हेतू महसुलाचा. त्या हेतूनं चालवलेली लॉटरी मोठी झाली नाही तर अपयशी. नाव एकच, यंत्र एकच, पण दोन्ही हेतू एकमेकांच्या उलट दिशेला ओढतात. खासगी माणसाने लॉटरीचं दुकान थाटलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली गुन्हा, शासनाने थाटलं तर योजना. हा अपवाद शासनाला मिळाला तो राखणदार म्हणून. राखणदारच उद्दिष्टं ठरवून तिकिटं खपवू लागला तर कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.

तिजोरीची बाजू

काका: राज्य चालवायला पैसा लागतो, बाई. दारूवर राज्य उत्पादन शुल्क घेतोच ना आपण? बंदी करून बघितली चंद्रपूरला 2015 मध्ये. 2021 मध्ये उठवावी लागली. व्यसन राहिलं, महसूल गेला. चोराच्या हातची लंगोटी तरी घ्यावी.

पुतणी: दारूवर कर घेतो, पण दिवाळीला ‘जास्त प्या’ अशी जाहिरात शासन करत नाही. दिवाळी बंपरची करतं. आणि ती दिवाळी कुठली? आपल्याकडे सोयाबीनचा चुकारा हातात पडतो तेव्हाची. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. बाजार समितीत ओलाव्याचं कारण दाखवून त्याच्याखाली दर मिळतो. कास्तकाराने भावात मार खाल्लेला असतो, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असते आणि खिशात वर्षातली एकमेव मोठी रक्कम असते. अशा माणसासमोर कोटीचं बक्षीस नाचवायचं. चार्ल्स क्लॉटफेल्टर आणि फिलिप कूक या अमेरिकी अभ्यासकांनी 1989 च्या पुस्तकात राज्य लॉटऱ्यांचा हिशेब मांडला. लॉटरीतला छुपा कर उत्पन्नाच्या मानाने गरिबावर जास्त पडतो, असं त्यांना आढळलं. पन्नास हजार पगाराच्या माणसाला आठवड्याचे शंभर रुपये जाणवत नाहीत. मजुरीवरच्या बाईच्या नवऱ्याने तेच घातले की त्या महिन्याची बचत गटाची वर्गणी थकते. माझ्या वहीत ते दिसतं.

काका: पण त्या पैशातून गरिबालाच काही परत मिळालं तर? केरळने 2011-12 मध्ये कारुण्य निधी काढला. त्या लॉटरीच्या पैशातून कर्करोग, मूत्रपिंड, हृदयाच्या आजारांना मदत मिळाली. तिकीट हरलं तरी कुणाचं डायलिसिस झालं, हे समाधान काय कमी आहे?

पुतणी: ते चांगलं काम आहे, नाही म्हणत नाही. पण अंदाजपत्रकात पैशाला रंग नसतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? आरोग्याला लॉटरीतून शंभर रुपये आले की उद्या अर्थखातं मूळ तरतुदीतले शंभर काढून दुसरीकडे वळवू शकतं. कागदावर लॉटरीने दवाखाना चालवला, प्रत्यक्षात तिने भलताच खर्च भागवला.

काका: हे होतं. मी होताना पाहिलंय. तरी लॉटरीतून उभ्या राहिलेल्या गोष्टी आहेत. मुंबईचा टाउन हॉल, जिथे आज एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे, त्यासाठी लॉटरीच काढली होती.

पुतणी: आणि ती पुरली का?

काका: नाही पुरली. शेवटी सरकारला पैसे घालावे लागले, तेव्हा 1833 मध्ये इमारत पुरी झाली.

पुतणी: केरळचंही तसंच आहे. बारा हजार कोटी हा विक्रीचा आकडा. निव्वळ नफा त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. समितीपुढे विक्रीचा आकडा नाचतो, नफ्याचा नाही. आणि या धंद्यात खरं कोण मोठं होतं? 2019 ते 2024 या काळात देशात सर्वाधिक निवडणूक रोखे घेतले ते फ्यूचर गेमिंग या लॉटरी वितरक कंपनीने, 1,368 कोटींचे. 

काका: ते वितरकाच्या हाती व्यवहार सोपवल्यामुळे. शासनाने स्वतः विकलं तर हे टळतं.

पुतणी: आणखी एक. 2023 मध्ये शासनाने एक रुपयात पीक विमा आणला. 2025 च्या खरिपापासून तो बंद. कास्तकाराला पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता. विमा म्हणजे मोठं नुकसान टळावं म्हणून थोडे पैसे देणं. लॉटरी म्हणजे मोठा लाभ व्हावा म्हणून थोडे पैसे देणं. ज्या वर्षी पहिल्याची किंमत वाढवली, त्याच वर्षी दुसऱ्याचा खप कसा वाढेल याचा विचार सुरू झाला.

काका: बोगस अर्जांनी एक रुपयाची योजना बुडवली, हेही सांग. दुसऱ्याच्या गटावर, सरकारी जागेवर विमे काढले लोकांनी.

पुतणी: सांगते. चोऱ्या झाल्या, त्या पकडायला हव्या होत्या. शिक्षा मात्र सगळ्यांना झाली.

मग करायचं काय

काका: तुझं म्हणणं, बंद करा?

पुतणी: बंद केली की मटक्याला मोकळं रान, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यातला काही पैसा पुन्हा पट्टीकडे वळेल, ही भीतीही आहे. पण वाढवायचंच असेल तर दुसरी रीत आहे. ब्रिटनमध्ये हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी 1956 मध्ये प्रीमियम बाँड आणले, 1957 मध्ये पहिली सोडत झाली. तुमची मुद्दल सुरक्षित, हवी तेव्हा परत. तुमच्या वाट्याचं व्याज एकत्र करून त्याची सोडत काढायची. हरलात तर व्याज गेलं, पैसे शाबूत. 1960 च्या दशकात आपल्या केंद्र सरकारनेही असे प्राइझ बाँड काढले होते.

काका: खासगी माणसाने असं केलं तर 1978 च्या बक्षीस चिठ्ठ्या बंदी कायद्यात अडकतो. शासनाला मात्र करता येईल. पण त्यात तिजोरीला काय मिळणार? बक्षिसांत व्याज गेलं, उरलं काय?

पुतणी: स्वस्त कर्ज. राज्य रोख्यांवर व्याज देतंच ना? तेच व्याज थोडं कमी करून सोडतीत द्या. आमच्या गटातल्या बायका भिशीची चिठ्ठी हौसेनं काढतात, कारण आज नाही तर पुढच्या महिन्यात आपला नंबर लागणार हे त्यांना ठाऊक असतं.

काका: हे समितीला लिहून पाठव. पण ते उभं राहायला वर्षं लागतील. तोवर आहे ती लॉटरी कशी चालवायची, ते सांग. माझ्या तीन अटी आहेत. तिकिटावर छापा की शंभरातले किती बक्षिसांना, किती कराला, किती कमिशनला. वितरक मधे नको, विक्री थेट. आणि नाव बदलून रोज सोडत काढायची पळवाट बंद.

पुतणी: तिन्ही मान्य. माझी एकच अट आहे. अंदाजपत्रकात लॉटरीच्या उत्पन्नाचं उद्दिष्ट नको. येईल ते येईल.

काका: उद्दिष्ट नसलं तर अर्थखात्याचं लक्ष उडतं. लक्ष उडालं की तिकीट दुकानात मिळत नाही, आणि माणूस पट्टीवाल्याकडे जातो. आपली लॉटरी वाळली ती अशानेच.

पुतणी: आणि उद्दिष्ट ठेवलं की ते दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढतं. ते गाठायला नवे ग्राहक लागतात. मटक्यावरून आलेले संपले की ज्यांनी कधी आकडा लावला नाही त्यांच्याकडे जावं लागतं. म्हणून समितीने आधी एक ठरवावं. लॉटरीचं यश मोजायचं कशाने? तिकिटं किती खपली यानं, की मटका किती घटला यानं?

काका: दुसरं मोजता येत नाही. धाडींचे आकडे पोलिसांची हालचाल सांगतात, मटक्याची नाही. म्हणून लोक पहिलंच मोजतात.

पुतणी: मग जे मोजता येत नाही, त्याच्या नावावर विकू नका.

काका: ठीक. मटका घटतोय याचा पुरावा नसताना तो घटवण्यासाठी लॉटरी वाढवतोय असं शासनाने म्हणू नये, हे मी मानतो. पण तोच पुरावा नसताना लॉटरी बंद करा, असंही तू म्हणू नकोस.

पुतणी: बंद करा म्हणतच नाही मी. वाढवू नका म्हणते.